पलीकडची

एकोणीसशे ब्याऐंशी साली, मार्च संपता संपता, एका रविवारी टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर, सात नंबर, तीनच्या खेळाला थिएटरच्या दारात उभी होती आणि तिला दरदरून घाम फुटला होता.

तिला भेटायचं होतं पलीकडचीला. पलीकडची म्हणजे शेजारच्या जिल्ह्याच्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडता जोडता सहा वर्षांत दोघींची गट्टी जमली होती. लाइनवर नाव सांगायचं नाही, असा नियम. म्हणून ही, आपल्या खुर्चीच्या नंबरावरून, सात नंबर आणि ती पलीकडची. दुपारी कॉल कमी होऊन स्विचबोर्ड थंड पडला की दोघी एकाच जाडजूड कादंबरीवर तुटून पडत. धुक्याची राणी, लंगडा राक्षस आणि त्याच्या खांद्यावर बसून त्यालाच टोमणे मारणारा बगळा. राणी गाणं म्हणून धुकं बोलावते. पुस्तकात गाण्याचे नुसते शब्द होते. चाल पलीकडचीने लावली आणि लाइनवर म्हणून दाखवली. सुपरवायझरबाईंच्या कानावर ती पडली, तेव्हा त्यांनी लाइन बिघडल्याची तक्रार नोंदवली होती.

काल संध्याकाळी तो बोर्ड कायमचा बंद झाला. आता लोक आपले नंबर आपणच फिरवणार. ऑपरेटरांना कुठल्या गावी, कुठल्या खात्यात टाकणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. नेमका त्याच आठवड्यात कादंबरीवरचा सिनेमा लागला, तोही दोघींच्या गावांच्या मधल्या शहरात. "रविवारी, तीनचा खेळ, पोस्टरखाली," एवढं ठरलं आणि कुणीतरी प्लग ओढला.

पोस्टरखाली निम्मं शहर उभं होतं. तेव्हा कुठे सात नंबरच्या डोक्यात उजेड पडला. पलीकडचीने दाढ कधी काढून घेतली, तिची सासू कशावरून रुसते, सर्दी झाली की तिचा कुठला सूर बसतो, सगळं हिला पाठ. पण ती उंच की बुटकी, गोरी की काळी, हे हिने कधी विचारलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती.

आवाज भरदार, म्हणजे बाईही भरदार असणार. तिने एका धिप्पाड बाईंना गाठलं. "तुम्ही पलीकडच्या ना?"

"कशाच्या पलीकडच्या?" बाई उखडल्या. "रांग तिकडून आहे. मागे जा."

घंटा झाली. सात नंबर आत जाऊन बसली. खेळ सुटला की परतीची शेवटची बस. म्हणजे संपलंच सगळं.

पडद्यावरचा राक्षस चांगला देखणा निघाला. दोन्ही पाय धड. बगळ्याची तिने खूप वाट पाहिली. बगळा आलाच नाही. बोलायला शेजारी कुणी नाही, त्यामुळे राग नुसता पोटात. मग राणी कड्यावर येऊन उभी राहिली, ढीगभर व्हायोलिनं एकदम वाजायला लागली आणि राणीने तोंड उघडलं. थिएटर गपगार.

"छे! माझी चाल बरी होती."

मागून. अंधारातून. सात नंबरचा हात आपोआप कानाकडे गेला, हेडफोन नीट करायला. मागे न बघताच ती मोठ्यांदा म्हणाली, "तुझी? तुझ्या चालीवर धुकं आलं नसतं, असलेलं पळालं असतं!"

"सात? अगं सात नंबर!"

"बगळा गाळला मेल्यांनी!"

"आणि राक्षसाला लंगडायला काय धाड भरली होती? उड्या मारतोय बघ, बोकड कुठला!"

"ओ बाई, बाहेर जाऊन बोला!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"थांबा हो, सहा वर्षांनी भेटतोय!"

"अजून भेटलोय कुठे?" सात नंबर म्हणाली.

डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. झोत आधी सात नंबरच्या तोंडावर पडला, मग मागच्या रांगेत फिरला. त्या उजेडात तिने पलीकडचीला पाहिलं. किरकोळ, चष्मेवाली, चष्म्याखालून घळाघळा पाणी वाहतंय. एवढासा जीव! तेवढा आवाज ठेवते कुठे?

डोअरकीपरने दोघींना बाहेर काढलं. बाहेर लख्ख ऊन. दोघी बाकावर बसल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि गप्प झाल्या.

"बस मिळाली वेळेवर?"

"मिळाली."

"बरं झालं."

पुन्हा गप्प. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या दोन अनोळखी बायकांसारख्या. पलीकडची पदराशी चाळा करत राहिली. शेवटी सात नंबरला राहवेना. "अगं, जरा तिकडे तोंड कर बघू."

पलीकडचीने मुकाट्याने तोंड फिरवलं. सात नंबरनेही फिरवलं. पाठीला पाठ लागली.

"हं. तर पहिलं ते गाणं," पलीकडची म्हणाली. आणि मग जे सुरू झालं, ते दोघींच्या बसगाड्या निघून गेल्या तरी थांबलं नाही.

पुढे सात नंबरला बिलांच्या खात्यात टाकलं. ती तिथूनच निवृत्त झाली. पलीकडचीने नोकरी सोडून गाण्याचा क्लास काढला. त्यात फारसं कुणी शिकलं नाही, पण क्लास सोडूनही कुणी गेलं नाही. सुपरवायझरबाई लेकीकडे परदेशी गेल्या आणि तिकडून फोन लागत नाही म्हणून कुरकुरत राहिल्या. थिएटर पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं. देखणा राक्षस निवडणुकीला उभा राहिला आणि पडला.

म्हातारपणी दोघींनी एकाच गल्लीत घरं घेतली. आता रोज दुपारी पलीकडची येते, दोघी पलंगावर पाठीला पाठ लावून बसतात, आणि सात नंबरची सून चहाचा ट्रे घेऊन दारात थबकते. पलंगाच्या कुठल्या बाजूला आधी जावं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.