बोंबलणारं कुलूप

दाराला दगड लावून प्रयागबाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच कुलूप पुन्हा बोंबललं. दार लोटलं की ते गप्प. जरा उघडं राहिलं की घर लुटलं जात असल्यासारखा ठणाणा. आणि आज तिला दार उघडंच ठेवायचं होतं.

मारोतराव दुपारपासून सापडत नव्हते. हल्ली त्यांना विसर पडायचा. जेवलेलं विसरत, कधी घराची गल्लीही विसरत. त्यांना लिंबाखाली बसवून ती दळण आणायला गेली, आणि परत येते तर लिंबाखाली नुसती त्यांची टोपी. हैदराबादेतल्या पोराला, अमरला फोन लावला. बोटानं उघडणारं हे कुलूप त्यानंच आणून बसवलं होतं. आईबाप एकटे, घर हायवेला लागून, म्हणून. कुलपात कॅमेराही होता. अमरनं आपल्या मोबाइलवर पाहून सांगितलं की बाबा दाराशी आलते. कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. बराच वेळ खटपट केली, कुलूप उघडलं नाही, उलट ठणाणा करायला लागलं. बाबा दचकले, मागं सरले आणि निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पुतण्या प्रितम मोटारसायकल घेऊन हायवेकडं गेला होता. ट्रकचा हॉर्न वाजला की प्रयागबाई हायवेकडं पाहायची. एक मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, की माणूस फिरून फिरून आपल्याच दाराशी येईल. पण दार बंद दिसलं तर? कडी वाजवणं त्यांना माहीत नव्हतं. स्वतःचं घर का कोणी वाजवतं, म्हणायचे. आणि दार उघडं ठेवून ती वाट पाहत बसली, तर ही बोंब ऐकून ते गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरतील.

तिनं फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर अमरचा चेहरा उतरलेला.

"हे कसं काढतेत, सांग."

"आई, नको ना. घर उघडं टाकून काऊन राह्यतं कोणी? कोणीबी घुसन."

"घरात काय हाय लुटायले? जे होतं ते रस्त्यावर फिरून राह्यलं."

अमरनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "पेचकस हाय का?"

शिलाई मशीनचा होता. 

"दार उघडंच धर. कुलपाची जीभ आत गेली का, ते पाय आधी. ती बाहेर असताना सेल काढले तं तशीच अडकन, मंग दार ना लागन ना खुलन."

"गेली आत."

"आता आतल्या बाजूचं झाकण सरकव. सेल काढ."

सेल निघाले आणि कुलपाची वाचा बसली. घर एकदम शांत झालं. त्या शांततेत हायवेवर कुठंतरी एका ट्रकचे ब्रेक करकचले. प्रयागबाईचा हात जागीच थांबला.

"आई? काय झालं?"

"थांब जरा."

ती कान देऊन उभी राहिली. कोणी ओरडलं नाही, माणसं धावली नाहीत. ट्रक पुन्हा घरघरत पुढं गेला. तिनं घामेजलेला तळहात लुगड्याला पुसला आणि पेचकस स्क्रूत बसवला.

"खालचा आधी काढ. आन् बाहेरचा भाग दुसऱ्या हातानं धरून ठेव, पडला तं वायर तुटन." अमर पडद्याजवळ सरकला. "वायर वढू नको, तिची पिन धरून काढ. हळू."

"हळूच करून राह्यली रे बाबा."

वरचा स्क्रू हलेना. दोनदा पेचकस निसटून तिचं बोट सोललं. कुलपाला, ते बनवणाऱ्याला आणि थोडं अमरलाही शिव्या देत तिनं जोर लावला, तेव्हा कुठं तो फिरला. कुलपाचे दोन्ही भाग सुटे झाले, मग दाराच्या कडेतली जीभही आली. सगळं तिनं ताटलीत ठेवलं. दाराला एक गोल भोक तेवढं राहिलं. तिनं दार भिंतीपर्यंत सताड उघडलं, आणि ते गप्प राहिलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मारोतराव दिसले. एका पायात चप्पल, दुसरा पाय धुळीनं पांढरा. प्रयागबाईला धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण धावलं तर बिचकतील, म्हणून ती दाराला धरून उभी राहिली. ते सावकाश पायरी चढले आणि उघड्या दाराशी येऊन थांबले. आत आले नाहीत.

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा सदऱ्याला पुसला, पुन्हा एकदा नीट पुसला, आणि दारावर, त्या भोकाच्या कडेला दाबून धरला. मान खाली घालून, रेशनच्या दुकानात उभे राहायचे तसे उभे राहिले. तहसील असो की रेशन, जन्मभर त्यांचा हाच अंगठा चालला होता.

"आई," फोनमधून अमर पुटपुटला, "म्या तं कुलपात उजव्या हाताचं बोट घेतलं होतं."

मारोतरावांनी अंगठा काढला नाही. मान वर करून, भीत भीत, परक्या बाईला विचारावं तसं त्यांनी बायकोला विचारलं, "उमटला का जी?"

"उमटला," प्रयागबाई म्हणाली. "या, आत या."