दोन थापा

अश्विनची सवारी जीप चिखलातून गेली, की ब्रेक जरा दाबला तरी गचकन धरायचा. मी चारही ड्रम उघडले, आत घट्ट बसलेली काळी माती धुतली, लायनर पॉलिश पेपरनं घासले आणि अश्विनला शेजारी बसवून जीप दर्यापूर रोडला काढली.

स्वच्छ दुपार, मोकळा रस्ता. दहादा ब्रेक मारला. दहाही वेळा जीप अलगद थांबली. पस्तीस वर्षं गॅरेज चालवतो, तरी अशा वेळी अजून गुणगुणावंसं वाटतं.

"जमलं ना, गड्या?"

"एकदम झकास, जानराव काका!"

फाट्याजवळ मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. उतरायचं असलं की सवाऱ्या अशाच थापा मारतात.

जीप गचकन थांबली.

"काहून थांबवली, काका?"

"म्या नाही थांबवली. माहा पाय तं ब्रेकवर नाहीच."

मी मागं पाहिलं. दोन्ही बाकं रिकामी होती.

तेवढ्यात जीपची मागची बाजू जराशी वर आली, सवारी उतरल्यावर येते तशी; पण पुरती नाही, अजून दबलेलीच होती.

अश्विन त्या रिकाम्या बाकांकडे पाहतच राहिला.

"एकच उतरला, काका," तो हळूच म्हणाला.