सरळ शिरोरेषा

"शिरोरेषा इतकी सरळ? हाताची अक्षरं थरथरतात," म्हणत निंबाळकर बाईंनी शाल्मलीचा कागद हस्ताक्षर स्पर्धेतून बाद केला. बाकीच्या मुलींनी संगणकावर अक्षरं आखून 'हस्तरेखाटन' इफेक्ट लावला होता. त्यांच्या रेषा अगदी नियमाप्रमाणे थरथरत होत्या.

"बाई, मी खरंच पेन्सिलीने काढलंय."

"हो का? मग काढ माझ्यासमोर. सगळ्यांनाच कळू दे, किती खोटारडी आहेस ते."

मुली फिदीफिदी हसल्या. शाल्मलीने आधी अक्षरं काढली, मग श्वास रोखून वरून एका दमात शिरोरेषा ओढली. तारेसारखी सरळ आली. हसणं थांबलं. तिने ऐटीत मान वर केली.

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"बोटांत कसलं यंत्र बसवलंयस? आईला बोलाव. हात उघडून बघावा लागेल."