शेवाळाखालचा एल

"जपून खरवडा, वडीपुरतं अळूसुद्धा निघेल त्यात," इंदू पायरीवरून म्हणाली.

सदूभाऊंनी बायकोकडे न बघता काथ्या बादलीत बुडवला. नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, त्याला दोन पावसाळे उलटले होते. अंगणात उभ्या गाडीवर तेव्हापासून शेवाळ माजलं होतं. उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून कालच नवी बॅटरी बसवली होती, आणि आता ते काथ्याने गाडी घासत होते.

मागच्या काचेवरचं शेवाळ निघालं आणि खालून लाल 'एल' दिसला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी इंदूला दोन दिवस गाडी शिकवली होती. दुसऱ्या दिवशी तिने फाटकाचा खांब पाडला, आणि ते इतके ओरडले की तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही; एल मात्र काढायचा राहूनच गेला. ओशाळून ते नखाने एल खरवडू लागले.

"तो राहू दे, लागणार आहे. गिऱ्हाइकाला मी नको म्हणून कळवलंय."

"लागणार कुणाला?"

"मला. दोन महिने रोज दुपारी भजनाला जात होते ना, ते ड्रायव्हिंग क्लासला."

"आणि ते टाळ?"

"तुम्हाला खरं वाटावं म्हणून. चला, बसा गाडीत."

सवयीने ते उजव्या दाराशी गेले, तर तिथे ती बसलेली. मुकाट्याने वळसा घालून ते डावीकडे बसले. तिने टाळांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू केली. खांब जवळ आला तसा त्यांचा पाय ब्रेक शोधू लागला.

"तुमच्या बाजूला ब्रेक नाही," इंदू म्हणाली. "भीती वाटली तर टाळ वाजवा."