आजोबांचं अस्वल

ऑर्विलच्या घरात शेकोटीच्या वर भिंतीला टांगलेली जुनी रायफल वायोमिंगच्या त्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. नळीवर १८८४ साल कोरलेलं, आणि ‘आमच्या आजोबांनी हिनंच अस्वल लोळवलं’ ही गोष्ट ऑर्विल प्रत्येक जेवणात वाढायचा. शेवटी एका जेवणात मेहुणा लाइल वैतागला. त्यानं बंदुकीवरचा क्रमांक वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा जुन्या बंदुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहालयाला फोन लावला.

“नळीवरचं ते साल पेटंटचं हो,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “ही कारखान्यातून निघाली १९१२ साली.”

“दाजी, तुमचे आजोबा १९०५ लाच गेले ना?” टर्कीची तंगडी तोडत लाइल म्हणाला.

ऑर्विलनं हॅट मागे सारली.

 

“तरीच! अस्वलाच्या अंगावर गोळीची एकही खूण नव्हती. आजोबांना बघूनच मेलं ते!”