भोकरदनच्या बाजाराचं चित्र

जालन्याच्या चित्रसंग्रहालयात नरहरमास्तर दर रविवारी दुपारी लोकांना एकेका चित्राची माहिती फुकट सांगत. त्या दिवशी भोकरदनच्या जुन्या बाजाराचं चित्र होतं.

ऐकायला आलेली साळूबाई मधेच उठली आणि चित्रातल्या एका पाठमोऱ्या माणसावर तिनं बोट ठेवलं.

"हा माझा भुजंग. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली घरातून गेल्ता, मंग आलाच न्हाई."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे चित्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे."

"लेकराची पाठ मला वळखू येत न्हाई का?" म्हणत तिनं हाक मारली, "भुजंगा!"

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं.

भुजंग पाठमोराच होता. बाजारातली बाकी सगळी माणसं मात्र वळून साळूबाईकडे बघत होती.