चार अंश

बाईंनी कपाटाचं दार उघडलं आणि आतून गरम हवा अंगावर आली. त्यांनी दार पटकन लावून घेतलं. मग आपलंच काही चुकलं असावं तसं ते पुन्हा हळूच उघडलं. हवा गरमच होती.

मागे संगणकवाला उभा होता. सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला होता, "अहो, संगणकाच्या पडद्यावर चार अंश दिसताहेत आणि दाराची काच हाताला कोमट लागतेय, जरा येऊन बघता का?" तसा तो दोन इमारती ओलांडून धावतच आला होता. एरवी या प्रयोगशाळेत त्याचं पाऊल पडत नसे. त्याचं काम बसल्या जागेवरून होई.

कपाटात साठ काचनळ्या होत्या, प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढा एक कोंब. ज्या टेकडीवर हे झाड होतं ती टेकडी खाणीत गेली. आता त्या झाडाचं म्हणून जे काही जगात उरलं होतं, ते एवढंच. थंडीत निजवले तरच हे कोंब टिकणार होते. म्हणून बाईंनी दर आठवड्याला अर्धा अंश असं करत, बेचाळीस आठवडे कपाट थंड करत आणलं होतं. तान्ह्याला निजवून थोपटणारा हात हळूहळू काढून घ्यावा, तसं.

नळ्यांत आता तपकिरी लगदा होता.

"मशीन गेलं असेल," बाई म्हणाल्या. "कपाटही माझ्यासारखंच निवृत्तीला आलंय."

तो गप्प राहिला असता तर सगळं खापर त्या कपाटावर फुटून प्रकरण तिथेच मिटलं असतं. एक क्षणभर त्याला तसा मोह झालाही.

"कपाट धड आहे, बाई. शुक्रवारी मी बिऱ्हाड हलवलं."

सगळे त्याला बिऱ्हाडकर म्हणत ते यावरूनच. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक भाडेकरूंसारखे राहतात. मोठा थकला की या भाडेकरूंना, त्यांचं काम क्षणभरही न थांबवता, नव्याच्या पोटात नेऊन ठेवायचं. इकडे अर्धवट राहिलेलं वाक्य तिकडे पुरं होतं. हे कपाट सांभाळणारा संगणकही त्यांतलाच एक होता.

"सगळं सुरळीत निघालं होतं," तो म्हणाला. "फक्त कपाटाशी बोलणारं कार्ड अडून बसलं. ते जोडलेलं असताना हलता येत नाही म्हणून मी ते सोडवलं, बाकीचं सगळं नेलं आणि पलीकडे तसलंच नवं कार्ड जोडून दिलं. चाळीस सेकंदांचं काम. नेहमी असंच करतो."

"मग?"

"कपाट किती अंशांवर ठेवायचं, हे त्या कार्डाच्या स्वतःच्या ध्यानात असतं. नवं कार्ड कोरं होतं. कारखान्यात त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने धरलं. सदतीस."

"आणि पडद्यावर चार कसे?"

"पडद्याच्या ध्यानात तुमचे शेवटचे चार आहेत. ते मी जसेच्या तसे नेले. मी पडदाच बघितला, बाई. चार दिसले आणि घरी गेलो."

निघण्याआधी त्याने सगळ्यांना निरोपही धाडला होता: 'काम झालं. कुणाला पत्ताही लागला नाही.' पहिलं उत्तर बाईंचंच आलं होतं. 'शाबास, बिऱ्हाडकर!'

कार्ड सोडवण्याआधी त्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्या ध्यानात काय काय आहे. ते टिपून घ्यायचं आणि पलीकडच्याला सांगायचं. ही रीत त्याला तोंडपाठ होती. त्यासाठी फक्त बाईंना एक फोन करावा लागला असता आणि तासभर काम थांबवावं लागलं असतं. पण मग त्याची कसली कमाल! स्वतःच्या त्या ऐटीची आता त्याला किळस आली.

बाईंनी एक नळी उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि तिच्या जागी परत ठेवली.

"एक आकडा तर होता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "विचारलं असतंत तर झोपेतूनही सांगितला असता मी."

त्यांनी दार लावलं. दारावर एक कागद चिकटवलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला. बाईंच्या ठसठशीत अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'या कपाटाला काहीही करण्याआधी मला विचारा', आणि खाली त्यांच्या घरचा फोन नंबर. तो कागद त्याने आज पहिल्यांदाच पाहिला.

बाईंनी चिकटपट्टीची टोकं नखाने एकेक करून सोडवली. कागद न फाडता काढला आणि त्याच्या हातात दिला.

"हा तुमच्या टेबलासमोर लावा," त्या म्हणाल्या. "मी उगाच इथे लावला. इथे कोण येतंय?"